कायम, अर्धवेळ, हंगामी

रांगेत पुढे सरकता सरकता दीपमालानं ते पत्र तिसऱ्यांदा वाचलं, आणि तिसऱ्यांदाही डोक्यात काही शिरलं नाही. 'कायम अर्धवेळ हंगामी कर्मचारी.' साखर कारखान्याच्या लॅबमध्ये सहा हंगाम तिनं रोजंदारीवर उसाच्या रसाचे नमुने तपासले होते. आता कायमचं पत्र हाती आलं, तर ते अर्धंही होतं आणि हंगामापुरतंही.

"सही करा बाई, लोक खोळंबलेत," टेबलामागून मोहनराव कारकून म्हणाले.

"पण काका, कायम हाय तर हंगामी कसं?"

"मी सांगू का?" मागून कुणीतरी हळूच विचारलं. तिनं वळून पाहिलं. बाहीवर ग्रीसचे डाग, दोन दिवसांची दाढी, आणि डोळ्यांत घाई अजिबात नाही. मिल हाऊसचा फिटर होता तो... धारूरचा नवनाथ. आठ वर्षं असल्याच, पण पूर्णवेळ, पत्रावर काम करत आलेला.

"कायम म्हंजे तुमचं नाव यादीतून निघत न्हाई. हंगामी म्हंजे गाळप चालू तवरच काम. मग घरी, पण पुढच्या हंगामाला बोलावणं येतंच. अर्धवेळ म्हंजे रोज चार तास." पत्रावरून फिरणारं त्याचं बोट एका जागी थांबलं. "आन हितं... कारखाना बंद असतो तवा आमाला पगारातला थोडा वाटा मिळतो. रिटेन्शन म्हणतेत त्याला. अर्धवेळवाल्यांचं काय, ते लिवलंच न्हाई."

"तोंडी ठरलंय ते," मोहनराव म्हणाले.

"मग लिवायला काय हरकत हाय?" दीपमालानं पेन टेबलावर ठेवलं. ठेवल्यावर तिचं तिलाच नवल वाटलं.

मागची रांग कुरकुरली. पत्र कामगार अधिकाऱ्यांकडे गेलं आणि तासाभरानं एक ओळ वाढून, शिक्का घेऊन परत आलं. नवनाथ तोवर तिथंच उभा होता.

"तुमचं काम तर कवाच झालं असतं. कावून थांबलात?"

"कागद वाचून सही करणारं माणूस लई दिवसांनी बगितलं," तो म्हणाला. "म्हणलं, शेवटपर्यंत बगावं."

अर्धा दिवस तिनंच मागून घेतला होता. वडील वारले त्याला तीन वर्षं झाली होती, आणि आई मनकर्णा खुबा मोडून अंथरुणाला खिळली होती. पहाटे आईचं सगळं उरकायचं, शेजारच्या ताराबाईंना बसवायचं, आपल्या गावाहून, युसूफ वडगावहून, एसटी धरायची. आठ ते बारा लॅब. मग पुन्हा एसटी, पुन्हा आई. लोकांना वाटायचं, चारच तासांची नोकरी, मजा आहे पोरीची.

बाराला ती सुटायची आणि नवनाथची चहाची सुट्टी व्हायची. गेटजवळच्या टपरीवर दहा मिनिटं — तेवढीच त्यांची.

"आज बी झोप न्हाई झाली?"

"तुमाला कसं कळतं?"

"बिस्कीट चहात बुडवता, आन काढायचं इसरता."

ती हसली. "एवढंच बगता व्हय माझ्याकडं?"

"न्हाई..." तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले. त्या दिवशी एसटीत उभं राहूनही तिचे पाय दुखले नाहीत.

मार्चमध्ये गाळप संपलं. शेवटचा भोंगा वाजला तेव्हा दोघं टपरीवर होते. "दिवाळीला भेटू," तो म्हणाला. "व्हय," ती म्हणाली. मधल्या सात महिन्यांबद्दल दोघांपैकी कुणीच तोंड उघडलं नाही.

पण एप्रिलातल्या एका दुपारी तो दारात उभा राहिला, घामानं भिजलेला.

"जय भीम, मावशी," आधी तो आईला म्हणाला. मग उंबऱ्यापाशी टेकला. दीपमालानं पाणी दिलं.

"कर्नाटकातल्या कारखान्यातून बोलावणं आलंय," तो म्हणाला. "बारमाही काम. उद्या कळवायचंय."

"मग कळवा की."

"त्यासाठीच आलो. तुमाला न इचारता 'व्हय' म्हणवंना. आन न इचारता 'न्हाई' म्हणलं असतं, तर तुमच्यावर उपकार केल्यासारखं झालं असतं." तो थांबला. "मला तुमच्याजवळ ऱ्हायचंय, दीपमाला. हंगाम असू, नसू. आता तुमी सांगा... जाऊ का राहू?"

इतकी वर्षं सगळं तिनं एकटीनंच ठरवलं होतं. डॉक्टर कोणता, नोकरी किती तासांची, आपण लग्न करायचं नाही. दुसऱ्याच्या आयुष्याबद्दल असं समोर बसून तिला कुणी विचारलं नव्हतं.

"जा, असं म्हणाय पाहिजे मी. तुमच्या भल्याचं तेच हाय."

"मग?"

"लई थकलेय, नवनाथ. शहाण्यावानी बोलायचा बी कंटाळा आलाय." तिनं भिंतीला डोकं टेकलं. "राहा. तू राहा इथंच."

तो उठला. कोपऱ्यातला हातपंखा उचलून आईच्या खाटेजवळ बसला आणि वारा घालू लागला. थोड्या वेळानं तो भाजी टाकायला चुलीपाशी गेला, आणि "मसाल्याचा डबा कुठंय?" असं विचारत वळला. दीपमाला बसल्या जागीच झोपली होती.

"उठवू नकोस," मनकर्णा खालच्या आवाजात म्हणाली. "चुलीमागं हाय डबा."