एकशे शहाऐंशीचं पाणी

"पाणी आणलंत का?"

भर दुकानात अनोळखी माणसाने असं विचारल्यावर काय उत्तर द्यायचं असतं? मी म्हटलं, "अहो, मी पाण्याचा फिल्टर घ्यायला आलेय. पाणी तुम्ही द्यायचं, गिऱ्हाईक उन्हातून आलंय म्हणून!"

तो हसला नाही. कोपऱ्यातल्या टेबलामागून उठला, खरोखरच एक ग्लास पाणी घेऊन आला आणि मी ते घटाघटा संपवेपर्यंत शांतपणे उभा राहिला. मग म्हणाला, "तुमच्या घरचं पाणी म्हणतोय मी. बाटलीत. ते तपासल्याशिवाय कुठला फिल्टर घ्या, हे मी कोणालाच सांगत नाही."

आता आली का पंचाईत! त्याआधी अर्धा तास दुकानाच्या मालकांनी मला एका भल्यामोठ्या यंत्रापुढे उभं करून सात टप्पे, निळा दिवा, आपोआप वाजणारी घंटा असलं सगळं ऐकवलं होतं. किंमत ऐकून माझी पाचावर धारण बसली. माझा दोन महिन्यांचा पगार! शिवाय ते भिंतीला टांगायचं. आणि आमच्या घरमालकीणबाईंनी करारातच लिहून घेतलंय, भिंतीला एकही भोक पाडायचं नाही. आमच्या ओट्यावर शेगडी आणि भिंत यांच्यामध्ये मोजून दीड वीत जागा. मला त्या दीड वितीत मावेल आणि माझ्या पाकिटात बसेल असं काहीतरी हवं होतं, बस्स.

"बाटलीबिटली राहू द्या हो," मी म्हटलं. "त्यातल्या त्यात स्वस्त असेल तो द्या."

"देईन की. पण तो नेऊनही वडील पाणी प्यायले नाहीत तर?"

मालकांना सांगितलेली आमची रामकहाणी या माणसाने कोपऱ्यात बसून सगळी ऐकली होती तर.

तर ती रामकहाणी अशी. बाबांनी तीस वर्षं बस चालवली. मध्येच गाडी थांबवून उतरता येत नाही, म्हणून ड्रायव्हर लोक पाणीच कमी पितात. बाबांना ती सवय अशी काही लागली, की निवृत्त झाल्यावरही दिवसाला दोन ग्लास म्हणजे डोक्यावरून पाणी. परिणाम काय? गेल्या महिन्यात मुतखडा. फरशीवर गडाबडा लोळले बाबा... त्यांना तसं मी कधी बघितलं नव्हतं. डॉक्टरांनी बजावलं, "रोज तीन लिटर पाणी. दोन महिन्यांनी परत तपासू. नवा खडा दिसला, तर मात्र ऑपरेशन." आणि आमच्या या नव्या घरातल्या नळाला असा वास, की बाबा एक घोट घ्यायचे, तोंड वाकडं करायचे आणि ग्लास बाजूला सारायचे. "दवाखाना प्यायल्यासारखं वाटतं गं," म्हणायचे. मी रागावले, रडले, शपथा घातल्या. ग्लास भरलेलाच राहायचा.

दुसऱ्या दिवशी मी बाटली घेऊन गेले. काय करता!

त्याने थोडं पाणी एका पेल्यात ओतलं, खिशातून पेनासारखं काहीतरी काढलं आणि त्यात बुडवलं. "एकशे शहाऐंशी."

"म्हणजे वाईट?"

"म्हणजे मस्त. पाण्यात क्षार किती विरघळलेत, ते हा मीटर सांगतो. तुमच्याकडे ते बेताचेच आहेत, त्यामुळे ते मोठं यंत्र तुम्हाला लागतच नाही." मग डोळे मिटून त्याने बाटलीचा वास घेतला. "हा क्लोरीनचा वास. त्याला कोळशाचा फिल्टर पुरे. ओट्यावर ठेवायचा, नळीने नळाला जोडायचा. भोक नाही, वीज नाही."

"आणि जंतू?"

"ते हा मीटर सांगत नाही. एक बाटली प्रयोगशाळेत पाठवू. तिथून नीट उत्तर आलं, की डोळे झाकून छोटा घ्या."

तिकडे गल्ल्यावर मालक जोरजोरात खोकले. मीटरवाल्याने तिकडे बघितलंसुद्धा नाही. मला मात्र तेव्हाच तो आवडला... म्हणजे, त्याचा खरेपणा आवडला. तेवढंच. तेव्हा तरी तेवढंच!

"एक सांगू?" मी म्हटलं. "तुमचा चष्मा वाकडा बसलाय."

"दोन वर्षं झाली."

"दोन वर्षं? द्या इकडे." मी चष्म्याच्या दुकानात काम करते; वाकडी काडी दिसली की माझे हात शिवशिवतात. मी सरळ त्याच्या नाकावरून चष्मा उतरवला, काडी नीट केली, ओढणीने काचा पुसल्या. तो बिचारा डोळे बारीक करून माझ्या दिशेने बघत होता. मी चष्मा परत चढवला, कानामागे काडी दाबून बघितली—आणि एकदम लक्षात आलं, आपण फारच जवळ उभे आहोत.

"आता... नीट दिसतंय?"

"हो," तो म्हणाला. "आता अगदी नीट दिसतंय." आणि बघतच राहिला. मी बाटली न घेताच पळाले.

प्रयोगशाळेचं उत्तर चांगलं आलं. पण मीटरवाल्याचं म्हणणं, अजून विकत घेऊ नका, आधी काकांना चव तर घेऊ द्या. रविवारी सकाळी तो दाखवायला ठेवलेला छोटा फिल्टर काखोटीला मारून आमच्या दारात हजर! सोबत एका बाटलीत त्या महागड्या यंत्राचंही पाणी.

बाबा फुरंगटून बसले होते. "पाण्याची काय चव घ्यायची? पाणी ते पाणी."

मग मी माझ्या दुकानातली युक्ती काढली. आमच्याकडे माणसाच्या डोळ्यांपुढे एकामागून एक काचा धरतात आणि विचारतात, पहिली बरी की दुसरी? तसेच मी तीन सारखे पेले मांडले. कुठल्यात काय, ते मला आणि मीटरवाल्यालाच ठाऊक.

बाबांनी पहिला पेला तोंडाला लावला. "दवाखाना."

तो नळाचा होता. मग तिसरा. "हे काय? याला चवच नाही." झालं, दोन महिन्यांच्या पगाराचं यंत्र निकालात निघालं!

मग दुसरा. एक घोट... थांबले. दुसरा घोट. मी ओढणीशी चाळा करत उभी होते. बाबांनी पेला रिकामा करून खाली ठेवला. "डेपोच्या मागच्या नळाला असं पाणी यायचं," ते म्हणाले. "पहाटेची पहिली गाडी काढायच्या आधी प्यायचो. आणखी दे."

आणखी दे! महिनाभर हे दोन शब्द ऐकायला माझे कान आसुसले होते. मी पाठ फिरवली आणि फडकं घेऊन शेगडी पुसायला लागले. डोळे भरून आले होते, कोणाला दाखवायचे नव्हते.

पेले विसळायला तो आत आला. "शेगडी स्वच्छ आहे," हळूच म्हणाला. "जास्त पुसलीत तर झिजेल."

मी रडता रडता फिसकन हसले.

फिल्टर त्याच दिवशी घेतला. नळी जोडताना मीटरवाला बाबांना अगदी गंभीरपणे म्हणाला, "काका, नवीन आहे, दर शनिवारी येऊन बघावं लागेल." बाबांनी मान डोलावली. मग दर शनिवारी संध्याकाळी तो यायचा, झाकण उघडायचा, आत बघून "हं" म्हणायचा, झाकण लावायचा. त्याला मिनिटही लागत नसे. उरलेले दोन तास बाबा त्याला घाटातली वळणं समजावून सांगायचे आणि मी समोर बसून काहीतरी निवडत असायचे. मध्येच नजरानजर व्हायची. काय निवडतेय, तेच मला आठवायचं नाही.

पण शनिवार आठवड्यातून एकदाच येतो हो! मधल्या दिवसांचं काय? मी काय केलं असेल? बुधवारी बाटली भरून दुकानात गेले. "हे माझ्या आत्याच्या घरचं पाणी. तिलाही फिल्टर घ्यायचाय."

पुढच्या बुधवारी मैत्रिणीच्या घरचं. त्याच्या पुढच्या बुधवारी आमच्या दुकानातलं. सगळ्या बाटल्या मी घरीच भरल्या होत्या. पण मी काही कच्ची नाही. नळाचा वास तो ओळखेल म्हणून फिल्टरचं पाणी भरायचे. वेगळं पाणी, वेगळी चव, कोणाला कळणार? तो दरवेळी मीटर बुडवायचा, वहीत काहीतरी लिहायचा, आणि म्हणायचा, "चांगलं आहे. पण पुढच्या आठवड्यात अजून एकदा बघू."

असे डॉक्टरांनी दिलेले दोन महिने सरत आले. सोमवारी बाबांची तपासणी, आणि आदल्या शनिवारी संध्याकाळी आमच्या घरात भडका उडाला.

मीटरवाला येऊन बसला होता. मी बाबांसमोर त्यांचा ग्लास ठेवला. बाबांनी त्याला हात लावला नाही. खिशातून एक घडी घातलेला कागद काढला, चष्मा लावला आणि मोठ्याने वाचलं, "आतील कांडी सहा महिन्यांनी बदलावी. तोपर्यंत झाकण उघडण्याची आवश्यकता नाही." कागद टेबलावर आपटला. "खोक्यात सापडला. काय रे मीटर? दर शनिवारी काय बघतोस मग तू?"

मीटरवाल्याचा चेहरा बघण्यासारखा झाला.

"बाबा, आधी पाणी प्या," मी म्हटलं. "परवा तपासणी आहे."

"नाही पिणार. माझ्या घरात खोटं चाललंय. खरं काय ते कळेपर्यंत एक घोट घेणार नाही." आणि हाताची घडी घालून बसले. तीस वर्षं बस चालवलेला माणूस! एकदा थांबला की थांबला. तो भरलेला ग्लास मी त्यांच्या आणखी जवळ सरकवला. परत ती फरशी, परत ते लोळणं...

"बाबा, असं काय करता!"

"काका," मीटरवाला उभा राहिला. त्याचे कान लालेलाल झाले होते. "फिल्टरमध्ये बघण्यासारखं काही नसतं. मी हिला बघायला येतो. म्हणजे... ह्यांना. मला ह्या आवडतात. फार आवडतात. चष्मा सरळ केला त्या दिवसापासून. आता रागवायचं तर रागवा, पण पाणी प्या."

माझ्या छातीची धडधड बाबांनाही ऐकू गेली असेल. पण बाबांचा हात काही ग्लासकडे जाईना.

"एकानेच सांगितलं," ते माझ्याकडे बघून म्हणाले. "दुसऱ्याचं काय?"

"माझं काय? मी काय केलं?"

तेव्हा मीटरवाल्याने खिशातून वही काढून टेबलावर ठेवली. आत्या—एकशे शहाऐंशी. मैत्रीण—एकशे सत्त्याऐंशी. चष्म्याचं दुकान—एकशे शहाऐंशी. "कोळशाने वास जातो," तो खाली बघून म्हणाला. "क्षार आहेत तेवढेच राहतात."

अरे देवा! एवढी हुशारी करून मी त्याला दर बुधवारी आमच्याच घरचा आकडा नेऊन देत होते. आणि हा पठ्ठ्या मुकाट्याने लिहून घेत होता!

"हिची आत्या?" बाबा वही डोळ्यांजवळ नेत म्हणाले. "ती इथून दोन दिवसांच्या प्रवासावर राहते. तिने काय बाटली टपालाने धाडली?"

"नाही!" मी एकदम ओरडले. "आत्याबित्या काही नाही. मीच भरली. मला तुला भेटायचं होतं म्हणून, कळलं? आवडतोस तू मला!" बोलून गेले आणि मग कळलं, अहो-जाहो कुठल्या कुठे पळालं होतं. तो माझ्याकडे बघत होता, तोंडभर हसत. "आता तरी प्या ना हो बाबा!"

बाबांनी ग्लास उचलला. सावकाश, एकेक घोट चवीने घेत, तळाशी जाईपर्यंत प्यायले. मग मिशा पुसून म्हणाले, "महिनाभर हे दोघं बोलतील म्हणून वाट बघतोय. माझा घसा कोरडा पडला. आणखी दे."

सोमवारी डॉक्टर म्हणाले, नवा खडा नाही. आता ही सवय सोडू नका. बाबा छाती काढून बाहेर आले. मीटरवाला दवाखान्याच्या पायरीवर उभा होता, हातात पाण्याची बाटली. बाबा म्हणाले, "मी पुढे होतो," आणि खरोखरच चालू लागले.

त्याने बाटली माझ्यापुढे धरली, दुसऱ्या हातात मीटर. "आमच्या घरचं पाणी आहे. आईने भरून दिलं. म्हणाली, मुलीला आधी दाखव, नंतर कुरकुर नको."

मी बाटलीच्या झाकणात थोडं पाणी ओतलं, मीटर बुडवला. दोनशे चाळीस.

"जरा जड आहे," तो चाचरत म्हणाला. चष्मा परत नाकावर घसरला होता. "म्हणजे... रोज प्यायला. चालेल तुला?"

मी त्याचा चष्मा वर सरकवला, आणि ते झाकणभर पाणी पिऊन टाकलं.

"चालेल," मी म्हटलं. "सवय होईल."