तीनच्या घारी

तीन वाजायला पाच मिनिटं असताना ती गोठ्यामागच्या कुरणात येऊन उभी राहिली. अंगात नवऱ्याचा कोट, पायात त्याचेच गमबूट, हातात त्याचीच बादली. लाकडी आडोशामागे घारींचं खाणं बघायला तिकीट काढून आलेले पंधरा पाहुणे दुर्बिणी सरसावून बसले होते आणि वर घारी घिरट्या घालत होत्या.

तिने शीळ घातली, मांस उधळलं. एकही घार खाली उतरली नाही.

नवरा जाऊन महिना झाला होता आणि महिनाभर हेच चाललं होतं. तीस वर्षं मांस तिने कापलं. लांबट, तिरक्या पट्ट्या, चरबी काढून. त्याने नुसतं उधळलं आणि टाळ्या घेतल्या. रिकामी बादली घेऊन आला, की तो लगेच फ्रीजरमधून उद्याचा मांसाचा गोळा काढून फळीवर ठेवायचा आणि सुरीची मूठ तिच्याकडे करायचा. तिने बादली मागितली, की म्हणायचा, "तुला नाही जमायचं." मेल्यावरही त्याचंच खरं व्हावं, याचा तिला भयंकर संताप येत होता.

"आई, पुरे आता," मुलगी म्हणाली. "आजचा दिवस शेवटचा, घारी उतरल्या नाहीत तर निघायचं, असं ठरलं होतं आपलं. गाई विकू. तू चल माझ्याकडे."

"दहा मिनिटं थांब ना." तिला हे शेत सोडायचं नव्हतं.

तेवढ्यात घारी वळल्या. कुंपणापलीकडच्या खालच्या कुरणात त्या एकामागून एक सूर मारू लागल्या. तिथे कुणीच नव्हतं. तरी वर येणाऱ्या प्रत्येक घारीच्या पंजात मांस होतं.

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

ती धावत कुंपणाशी गेली. उरलेले तुकडे गवतात पडले होते. लांबट, तिरके, चरबी काढलेले. तिचं मांस तर मागे तसंच पडलं होतं, माश्या घोंघावत होत्या.

"इकडे आधीच टाकून ठेवलं होतंस होय?" मुलगी हसत म्हणाली. "जमलं की तुला. राहा बाई इथेच."

"मी इकडे फिरकलेसुद्धा नाही."

पण मुलगी पाहुण्यांकडे वळली होती.

यापुढे सुरीला हात लावायचा नाही, असं ठरवूनच ती घरात शिरली.

सकाळी धुऊन कपाटात ठेवलेली फळी टेबलावर होती. फळीवर मांसाचा गोळा. त्याचा बर्फ वितळून थेंब थेंब खाली गळत होता.

शेजारी सुरी होती, नुकतीच धार लावलेली. मूठ तिच्याकडे.