पाठीचं चित्र

माणिकबाई दुपारच्या एस.टी.नं अमरावतीहून अकोल्याला उतरल्या, तेव्हा त्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता. जावई कुंदन कालपासून बेपत्ता होता. जठारपेठेतल्या त्याच्या चित्रांच्या खोलीला आतून कडी होती. लेकीनं, गीतांजलीनं, सुतार बोलावून ती काढवली, तर आत त्याच्या चपला होत्या, अर्धा कप चहा होता, कुंदन नव्हता. खिडकीला गज होते.

भिंतींना भडक चित्रं टेकवलेली. एकात नुसता कुंचल्याचा फटकारा, नारिंगी, बैलाएवढा. एकात रिकामी चौकट. शेवटचं मात्र भिंतीकडे तोंड करून ठेवल्यासारखं दिसत होतं. लाकडी पट्ट्या, खिळे, कोरं कापड.

उभा जन्म भाजीच्या धंद्यात गेलेला. फुलकोबीचा गड्डा उलटून देठ बघितल्याशिवाय बाई कधी घेत नसत. त्याच सवयीनं त्यांनी चित्र फिरवलं.

पलीकडेही पट्ट्या, खिळे, कोरं कापड.

"काहून फिरवलं वं माय?" गीतांजली म्हणाली. "ते चित्राच्या पाठीचंच चित्र हाय. लोकायले फसवाले काढलं त्यायनं."

म्हणजे एका बाजूचे खिळे नुसता रंग असणार. बाईंनी बोटं फिरवली. खिळे गार लागले. दुसऱ्या बाजूचेही.

 त्यांनी लेकीला कुंदनचा फोन लावायला सांगितलं. कालपासून बंद असलेला फोन लागला आणि घंटी खोलीतच वाजली.

आवाज चित्राच्या भिंतीकडल्या बाजूनं येत होता. दोघींनी चित्र फिरवलं. आवाज पुन्हा भिंतीकडूनच. परत फिरवलं. तेच.

पहिली बाजू कोणती होती, हे आता दोघींनाही सांगता आलं नसतं.

घंटी थांबली. गीतांजलीनं स्पीकर लावला.

"कोनं फिरवलं हे?" कुंदनचा आवाज शांत होता. "मी बाहेर येऊनच राहिलो होतो."

बाई फोनजवळ सरकल्या. "जवाईबापू, चूक माही झाली. कोन्या बाजूले हाव तुमी?"

"इथून पाठच दिसते, मामी. अजून एकदा फिरवून पाहा."

त्यांनी फिरवलं. पट्ट्या जड झाल्या होत्या.

"आता?"

गीतांजलीनं फोन कापडाजवळ धरला.

"आता दिसल्या तुमी," कुंदन म्हणाला. "दोघीबी पाठमोऱ्या हाव."

दोघींची तोंडं चित्राकडे होती.