निघताना मारायची हाक

कुणी काहीही म्हणो, आमच्या पुष्पांजलीच्या बाबतीत हे खरंच घडलंय. यंदाच्या होळीनंतर. डोणगावबाहेरच्या माळावर, दिवेलागणीला.

पुष्पांजली भटक्या मेंढपाळांच्या पोरांना त्यांच्या पालावर जाऊन शिकवायची. मेंढरं चारून आलेली पोरं "बाई आल्या!" म्हणत धावायची. सोबत तिची चार वर्षांची माया असायची.

त्या लोकांची एक रीत होती. मुक्काम हलवताना प्रत्येक आई लेकराला नावानं हाक मारते. लेकरानं ओ दिली, की मगच पाऊल उचलायचं. नाहीतर लेकरातलं काहीतरी मागंच राहतं, म्हणे.

"तुमची हजेरी बसतानी, बाई. आमची निंघतानी!" म्हातारी भिमाबाई हसायची. "तुम्ही त रोजच निंघता. पोरीले हाक मारत जा."

पुष्पांजलीही हसायची. पण हाक मारायची. लेकराच्या बाबतीत विषाची परीक्षा कशाला?

त्या दिवशी ती पोहोचली, तर माळ रिकामा.

चारा संपला म्हणून पालं पहाटेच उठली होती. फळा तेवढा बाभळीला टांगलेला.

तिनं तो काढायला हात घातला...

"बे एके बे... बे दुणे चार..."

बाभळीमागून. पोरांचा आवाज, एका सुरात.

ती मागं गेली. कुणीच नव्हतं. चुलीतली राख थंड.

आवाज थांबला... आणि एकच बारीक आवाज पुढं म्हणू लागला.

"बे त्रिक सहा..."

तिनं वळून पाहिलं. माया फळ्यासमोर मांडी घालून बसली होती. ओठ हलत होते.

मायाला पाढे येत नव्हते.

पुष्पांजलीनं तिला उचललं, स्कुटीवर घेतलं आणि घर गाठलं. दाराला कडी लावताना आठवलं...

हाक मारायची राहिली.

"काऊन घामाघूम झाली वं?" नवरा धम्मदीप म्हणाला. "पोरगी त बरी हाय ना?"

माया मुकाट जेवली. रोजच्यासारखं भरवावं लागलं नाही. मग आईकडे टक लावून म्हणाली,

"बाई, उद्या शाळा हाय?"

"घ्या! घरात बी बाईच!" धम्मदीप खो खो हसला.

पुष्पांजली हसली नाही.

त्या दिवसापासून घरात तिला कुणी "आई" म्हटलेलं नाही.

ती रोज मायाला घेऊन माळावर जाते. बाभळीकडे तोंड करून ओरडते, "माया... चाल घरी!"

कडेवरची माया गप्प असते.

परवा मीही गेले होते. माझं लेकरू घरी ठेवून. म्हणून सांगते, उत्तर येतं...

"आली, आई..."

रोज येतं, म्हणाली पुष्पांजली. फक्त रोज आणखी जरा लांबून.