गुरांच्या दवाखान्याची तिसरी पायरी

ही गोष्ट खरी आहे. शपथ घेत नाही, कारण हिच्याचबद्दल मी एकदा खोटं लिहून सही केलीय.

मी बांधकामावरचा ओव्हरसियर. जव्हारहून मोखाड्याकडे जाताना रस्त्याला लागून आम्ही गुरांचा दवाखाना बांधला. ऑपरेशनची खोली, एक्स-रे, जनावर उभं बांधायचा लोखंडी खोडा. सगळं चकाचक.

नकाशा मात्र माणसांच्या दवाखान्याचा.

घाई होती. मी वरचं नाव बदललं, खाटांच्या जागी गोठे दाखवले. समोरच्या सात पायऱ्या तशाच राहिल्या. वर गुळगुळीत ग्रॅनाइट.

चौकीदार सखानं विचारलं होतं, "सायेब, ढोरां चढतील कुठून?"

"तू लई शहाणा!" मी म्हणालो. सगळे हसले. मीही हसलो.

दोन वर्षांपूर्वीचा ऑगस्ट. दुपारचे बारा. कंपाउंडचं काम बाकी होतं, म्हणून मी तिथेच होतो.

वांगणीकडून लाडकी नावाची बाई पिकअपमध्ये गाय घेऊन आली. वासरू अडलेलं. घरात तेवढं एकच जनावर.

"हिला वाचव, सायेब. माझ्याकडं दुसरं काय नाय."

खोडा आत. पायऱ्या ओल्या. चौघांनी गाय ढकलली.

एक पायरी… दुसरी… तिसरी…

खूर सरकला. गाय पोटावर आदळली. डॉक्टर धावत बाहेर आले, तिथेच पायरीवर गुडघे टेकून वासरू सोडवायला धडपडत राहिले. गाय गेली. वासरूही गेलं.

मी वर दारात उभा होतो. नुसता उभा.

लाडकी रडली नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, "तू येकदा तरी ढोर चढवून बघितलंस का?"

चौकशी लागली. मी लिहिलं, 'गाय दारात आणली तेव्हाच मेलेली होती.' खाली लाडकीचा अंगठा घेतला.

"काय लिवलंस?"

"गाय मेली, एवढंच."

तिनं विश्वास ठेवला. थू माझ्यावर.

आठवड्यानं, भर दुपारी बारा वाजता, मी आत बसलो होतो. बाहेर…

टक… टक… टक…

सर्र…

धप्प.

धावत बाहेर गेलो. पायऱ्या रिकाम्या. फाटकापाशी सखा उभा होता, तोंड पांढरंफटक.

"रोज येते," तो म्हणाला. "तुला आज ऐकू आली."

पुढे बाजूनं उतार बांधला. पण गुरं त्यावरही चढेनात. पाय रोवून, कान टवकारून पायऱ्यांकडे बघत राहतात. डॉक्टर अजून अंगणातच उपचार करतात. आतला खोडा गंजतोय.

मी बदली करून घेतली. आता ठाण्यात राहतो, चौथ्या मजल्यावर. लिफ्ट आहे.

तरी रोज बाराला आमच्या दाराखालच्या जिन्यावर…

टक… टक… टक… सर्र…

बायकोला ऐकू येत नाही. दोन वर्षांत ती गाय तिसऱ्या पायरीच्या पुढे कधी आली नाही.

आज पहिल्यांदाच खरं लिहायला बसलो. गाय जिवंत होती. लाडकीनं ती जिवंत आणली होती. माझ्या पायऱ्यांवर ती मेली.

एवढं लिहिलं आणि बारा वाजले.

टक… टक… टक…

चौथी.

पाचवी.

सहावी.

सातवी.

आता आवाज थांबलाय. दाराबाहेर कुणीतरी जड श्वास घेतंय.

उठून दार उघडायला हवं. त्या दिवशीही खाली उतरून हात लावायला हवा होता.

मी अजून खुर्चीतच आहे.