रेडिओनं मागितलेले चार आकडे

ज्याला हसायचं त्यानं खुशाल हसावं. पण ही ऐकीव गोष्ट नाही. ही माझ्या बायकोवर बेतली, आणि मी तेव्हा काचेच्या दुसऱ्या बाजूला उभा होतो.

साल २००३. मे महिना. तीर्थपुरीच्या बाहेर, शेतातल्या एका घरापुढं.

रात्र नव्हती. भर दुपार होती.

मी वामन. जालन्यात सरकारी नोकरीत होतो. बायको तारा शाळेत शिकवायची. त्या उन्हाळ्यात आम्ही पहिली गाडी घेतली, जुनी. तीर्थपुरीचे पुंजाराम नावाचे बागाईतदार वारले आणि त्यांच्या बायकोनं, दुर्गाबाईंनी, ती विकायला काढली.

गाडी चांगली जपलेली होती. ड्रायव्हरची सीट वापरून मऊ झालेली. पण तिच्या शेजारची सीट मात्र...

कोरी. जणू तिच्यावर कुणी कधी बसलंच नव्हतं.

महिन्याभरात बॅटरी गेली. नवी बसवली, आणि रेडिओ बंद पडला. त्याच्या छोट्या पडद्यावर इंग्रजीत एकच शब्द लुकलुकायचा. कोड.

गाड्यांचं वायरिंग करणारा भुजंग आमच्या ओळखीचा. तो म्हणाला, "चोरानं काढून नेला तर चालू नये, म्हणून असतंय हे. बॅटरी काढली की चार आकडे मागतो. चुकले की लॉक होऊन बसतो."

त्यानं अंदाजानं चार आकडे दाबले. चुकले. पुन्हा दाबले. पडदा विझला.

आणि बंद रेडिओतून...

कुणीतरी घसा खाकरला.

भुजंगनं हात मागं घेतला.

"लॉक झाल्यावर ह्याच्यातून आवाज येत न्हाई, साहेब," तो हळूच म्हणाला. "जुन्या मालकीणबाईला नंबर विचारून या. मंग बघू."

त्या रविवारी आम्ही तीर्थपुरीला निघालो. तारा माझ्या शेजारी बसली होती.

अंबड मागं पडलं. दोन्ही बाजूंना नांगरून टाकलेली काळी रानं. रस्त्यावर माणूस नाही.

"अहो, काय म्हणालात?" तारानं विचारलं.

"मी? काही नाही."

"मागं बस म्हणालात ना आत्ता."

मी म्हणालो नव्हतो. तिनं माझ्याकडं जरा रागानं पाहिलं आणि तोंड फिरवलं.

दुर्गाबाईंचं घर शेतात एकटंच. ऊन इतकं होतं की तारा म्हणाली, "तुम्ही विचारून या, मी बसते." मी एसीसाठी इंजिन चालू ठेवलं आणि उतरलो.

घराजवळ एक कुत्रं झोपलं होतं. ते गाडीकडं बघून उठलं... आणि न भुंकता घरामागं निघून गेलं.

दुर्गाबाईंनी पाणी दिलं. साठीच्या असतील. बोलताना सतत पदर सारखा करायच्या.

"नंबर मला ठाऊक न्हाई, भाऊ," त्या म्हणाल्या. "मालक मला त्या रेडिओला हात बी लावू देत नव्हते. गाडीत मी मागंच बसायची. एकदा पुढं बसली व्हती..."

त्या थांबल्या.

"तुमच्या बाई कुठंय?"

"गाडीत."

"पुढं?"

मी मान डोलावली. त्यांनी तांब्या खाली ठेवला आणि कान दिला.

मीही ऐकलं. इंजिनाचा आवाज येत नव्हता.

मी पळत बाहेर आलो. दार ओढलं. लॉक. आत तारा लॉकची खुंटी वर ओढत होती, आणि बोट सुटलं की खुंटी खाली जात होती. काच उतरत नव्हती. किल्ली आत. तिचा चेहरा लालबुंद झाला होता. ती दोन्ही हातांनी काच बडवत होती.

मग ती एकदम थांबली.

हळूच रेडिओकडं वळली... आणि ऐकू लागली.

काचेतून मलाही आवाज आला. पुरुषाचा. खालच्या पट्टीतला, अजिबात घाई नसलेला. शब्द कळत नव्हते. पडद्यावर एक आकडा उमटला. मग दुसरा. तारानं दोन्ही हात काखेत दाबून धरले होते. तिसरा आकडा उमटला.

रेडिओ उघडला की दारं उघडतील, असं काहीतरी माझ्या डोक्यात आलं.

"तारा, दाब! तो काय सांगतोय ते दाब!" मी ओरडलो.

तिनं माझ्याकडं पाहिलं. तशी नजर मी तिची कधी पाहिली नव्हती. ती मान हलवून नाही म्हणाली. मग तिचं डोकं एका बाजूला कलंडलं.

मी कोपरानं काच फोडू पाहत होतो. तेवढ्यात दुर्गाबाई आल्या. हातात वरवंटा होता. त्यांनी मागच्या काचेवर घाव घातला. काच तडकली, पण फुटली नाही.

आणि आतून स्पष्ट आवाज आला.

"दुर्गे."

त्यांचा हात हवेतच थांबला. दुसऱ्या हातानं त्यांनी पदर डोक्यावर ओढला. सवयीनं.

मग त्या म्हणाल्या, "लई झालं तुमचं आता."

आणि दुसरा घाव घातला.

काचेचा चुरा झाला. त्याच क्षणी चारही खुंट्या खटकन वर आल्या.

तारा शुद्धीवर आली ती ओसरीवर, डोक्यावर पाणी मारल्यावर. दुर्गाबाई तिचे हात धरून बसल्या होत्या. "पोरी, दाबलं तर न्हाई ना तू काही?" त्या परत परत हेच विचारत होत्या.

गाडी आम्ही परत आणली नाही. जीपनं आलो. दुर्गाबाईंनी ती ट्रॅक्टरनं ओढून दूर बांधाला लावली, एवढं पुढं कळलं.

तारा कितीतरी दिवस त्याबद्दल बोलली नाही. एकदा मीच विचारलं, "तू दाबलं का नाहीस?"

"तो म्हणत होता, दाब म्हणजे मागं तुझी जागा कायमची करून देतो," ती म्हणाली. "आकडे तो सांगत नव्हता. ते मलाच सुचत होते. एक सुचला की तिथं उमटायचा. चौथा त्यानं मलाच दाबायला ठेवला होता."

"कोणता होता चौथा?"

ती उठू लागली.

"सांग ना."

तिचा चेहरा पांढरा पडला. ती भिंतीला टेकून उभी राहिली.

"असं विचारू नका," ती म्हणाली. "त्या दिवशी तुम्ही बाहेरून दाब दाब म्हणून ओरडत होतात ना... आतला आवाजही तुमचाच होता."

त्यानंतर मी तिला तो आकडा विचारलेला नाही.

पण आजही घरात तिला काही सांगायचं झालं, की मी आधी थांबतो. अगदी साधं, दार लाव, दिवा बंद कर, एवढंच असलं तरी. कारण कधीकधी मी बोलायच्या आधीच...

ती दचकून वळलेली असते.