मांजराने निवडलेला कॉम्प्युटर

त्या सकाळी डर्वेंट नदीवर जेरी उतरला होता. होबार्टचे लोक नदीवरच्या धुक्याला याच नावाने हाक मारतात. इतका दाट, की सीगल पक्षी चालत घरी निघाले होते. एकाने तर मलाच वाट विचारली.

त्या धुक्यातून वर्नर हॉस्किंग वाट काढत थिया ब्रॅम्बलच्या दारात आला. थिया खाजगी गुप्तहेर, वय चौसष्ट. तिचा मदतनीस डगल कोपऱ्यात स्कॅलप-पाय, म्हणजे शिंपल्यांचं सारण भरलेली पेस्ट्री, खात होता.

"थियाबाई, काल फेरीबोट देवमाशावर चढता चढता राहिली. कप्तानाने डोळ्यांनी पाहिला म्हणून वाचला. आणि आमचा प्रोग्राम गप्प!"

हॉस्किंगचा प्रोग्राम पाण्याखालचे आवाज ऐकायचा आणि देवमासा जवळ आला की घंटा वाजवायचा. महिन्यापूर्वी फेरीवर आणि ऑफिसातही नव्या जातीचे कॉम्प्युटर आले. त्यांची चिपच वेगळी, म्हणून प्रोग्रामही नव्याने बांधावा लागला. जुने प्रोग्राम टाकून द्यावे लागू नयेत म्हणून या कॉम्प्युटरच्या पोटात एक दुभाष्या बसवलेला असतो. एका चौकटीत खूण केली, की तो जुनी बोली नव्या चिपला समजावत बसतो, धापा टाकत.

"आमची टेस्टर रोवेना टिबट. चाळीस वेळा तपासलं म्हणून सही केलीय. खोटी सही! बारा वाजता तिच्या हातात कामावरून काढल्याचं पत्र देतो. तुम्ही फक्त कप्तानांना सांगायला कारण शोधा."

"आधी फाशी, मग खटला," थिया म्हणाली. "डगल, तोंड पूस. निघू या."

ऑफिस धक्क्यावरच्या जुन्या शेडमध्ये होतं. खिडक्यांबाहेर काहीच नव्हतं. सगळी शेड ढगात टांगल्यासारखी वाटत होती. रोवेना किटली घेऊन उभी होती.

"नोकरी गेली तर सोसेन," ती म्हणाली. "पण खोटारडी म्हणून गेले तर या गावात माझी सही कोण मानेल? अकरा वर्षं झाली हो मला."

"चालवून दाखव बघू."

रोवेनाने प्रोग्राम सुरू केला आणि चहा ओतायला घेतला. "तुमचा चहा होईस्तोवर उघडतो. हा दर वेळचाच वेळ."

चहा झाला. पडद्यावर निळ्या-जांभळ्या लाटांची खिडकी उघडली. रोवेनाने देवमाशाचा साठवलेला आवाज लावला, तसा एक लांब, झोपाळू हुंकार शेडभर पसरला. घंटा खणखणीत वाजली. कॉम्प्युटरवर झोपलेल्या पुडिंग नावाच्या मांजराने फक्त कान हलवला.

"हे नेहमी इथेच?"

"आधी माझ्या जुन्या कॉम्प्युटरच्या डब्यावर झोपायचं. तो गेला, तेव्हापासून या नव्यावर."

शेजारी कॅलम ओडे बसला होता. प्रोग्राम त्याने बांधलेला. कॉम्प्युटर तिच्याकडच्यासारखाच, नवा.

"पाकीट एकच," तो म्हणाला. "आत जुन्या चिपसाठी एक प्रोग्राम, नव्यासाठी एक. कॉम्प्युटर आपला आपण निवडतो. माझ्याकडे पापणी लवायच्या आत उघडतो."

"आवाज लावून पाहिलास?"

"ते रोवेनाचं काम. मी बांधायचं, तिने मोडून बघायचं."

"आणि लाटांची ती सुरेख खिडकी?"

"ती आधीच्या माणसाची करामत. नव्या चिपसाठी अजून लिहायचीच आहे."

डगलने त्याच्या कॉम्प्युटरवर हात ठेवला. "तुला मांजरसुद्धा विचारत नाही रे, गड्या!"

"बर्फासारखा गार असतो तो. कशाला येईल?"

हॉस्किंग आत आला, हातात पत्र. "पाहिली ना खिडकी? नवे कॉम्प्युटर आले त्या पहिल्याच दिवशी पाहुणे आले आणि ती दिसेचना! रोवेना जेवायला गेली होती. तिच्याच कॉम्प्युटरवर मीच काहीतरी जुळवून दाखवली. यांना वाटतं मालकाला काही येत नाही!"

बारा वाजायला दहा मिनिटं होती. थियाने चहाचा शेवटचा घोट घेतला.

"पुडिंगने केव्हाच उकल केलीय, आपणच उशिरा उठलो. दोन कॉम्प्युटर सारखे. एक गार, एक उबदार. एक क्षणात उघडतो, दुसऱ्याला चहाएवढा वेळ. असा घाम कोण गाळतं?"

डगल म्हणाला, "म्हातारा कॉम्प्युटर?"

"दुभाष्या, डगल. ही खिडकी फक्त जुन्या बोलीत आहे. ती नव्या कॉम्प्युटरवर दिसते, याचा अर्थ कोणीतरी दुभाष्याला बोलावलंय. हॉस्किंगसाहेब, पाहुण्यांसाठी तुम्ही चौकटीत खूण केलीत आणि पुसायला विसरलात. त्या दिवसापासून रोवेना जुनाच प्रोग्राम तपासतेय. सही खरी होती, फक्त दुसऱ्याच प्रोग्रामवर. नवा आजवर कुणी तपासलेलाच नाही."

रोवेना खाली बसली. "जुन्या डब्यावर अकरा वर्षं इतकाच वेळ लागायचा. मला वाटलं, हीच रीत. चौकट मी बघायला हवी होती."

तिने खूण पुसली. प्रोग्राम चटकन उघडला. लाटा नव्हत्या. हुंकार पुन्हा शेडभर पसरला.

घंटा वाजली नाही.

कॅलम पडद्यावर वाकला आणि त्याचे कान लाल झाले. "शून्याखालचे आकडे! नवी चिप ते वेगळे वाचते. लाटेची दरी हिला डोंगर दिसतेय. देवमासा हिला ओळखूच येत नाही. चूक माझी."

त्याने दोन ओळी बदलल्या. रोवेनाने आवाज लावला. एकदा, दोनदा, अकरा वेळा. दर वेळी घंटा वाजली, तेव्हा कुठे तिने मान डोलावली.

पुडिंग जागं झालं. खालच्या कॉम्प्युटरला पंजा लावून पाहिला. गार! तुच्छतेने उतरलं, टेबलावरच्या पत्रावर जाऊन बसलं आणि झोपलं.

बाराचे ठोके पडले.

"ते पत्र..." हॉस्किंग पुटपुटला.

"मांजराला उठवायचंय?" थियाने विचारलं.

हॉस्किंगने कोरा कागद ओढला, पहिली ओळ मोठ्याने म्हणत लिहिली, 'कप्तान हो, चूक मालकाची', आणि तो रोवेनापुढे सरकवला. "तपासून सही कर."

तिने तीनदा वाचला. मग सही केली.

पत्र अजून मांजराखालीच आहे. खोटं वाटत असेल तर जाऊन बघा. पण दबकत जा.